कापलेली तीन हजार वर्षे

'शोले' मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. तरीही २०२५ च्या डिसेंबरात दौंडहून शटलने पुणे गाठले आणि तो पुन्हा एकदा थिएटरात बसून पाहिला. कारण हा 'शोले' वेगळा होता. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लोकांपुढे जो 'शोले' आला, त्याचा शेवट दिग्दर्शक रमेश सिप्पी यांचा नव्हता. तो आणीबाणीतील सेन्सॉरचा होता. सिप्पींनी मुळात चित्रित केलेला शेवट पन्नास वर्षांनी, १२ डिसेंबर २०२५ रोजी, येथील थिएटरांत अधिकृतपणे दाखवला गेला. त्यापूर्वी जूनमध्ये तो इटलीतील बोलोन्या शहरी दाखवून झाला होता.

माझ्या वडिलांचा 'शोले' आणखी तिसराच. ते रेल्वेत गँगमन होते. त्यांनी तो पाहिला जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. तंबूवाल्याला एका रात्रीत दोन खेळ उरकायचे असत. मग तो मधले एखादे रीळ गाळी. इमामसाहेबांच्या मुलाचा मृतदेह घोड्यावरून गावात येतो, पण तो मुलगा गावाबाहेर गेला कशाला, हे वडिलांना पुढे बरीच वर्षे ठाऊक नव्हते. 'असेल काही तरी कारण,' असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. आपल्या माणसांना अर्धवट गोष्ट मिळण्याची सवय फार जुनी आहे. गाळलेल्या जागा आपण मनाने भरून घेतो, आणि भरता आल्या नाहीत तर दोष स्वतःच्या समजुतीला देतो.

चित्रपट एक आणि प्रती अनेक, हा प्रकार जगभर आहे. निर्माता पैसा घालतो म्हणून कापतो, शासन घाबरते म्हणून कापते, वितरक खेळांची संख्या वाढावी म्हणून कापतो. पुढे कधी दिग्दर्शकाला संधी मिळाली तर तो आपल्या मनातली प्रत लोकांपुढे ठेवतो. तिला 'डायरेक्टर्स कट' म्हणतात. रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'ला १९८२ साली निर्मात्यांनी नायकाचे निवेदन आणि गोड शेवट चिकटवला होता. १९९२ आणि २००७ च्या प्रतींतून ते दोन्ही गेले आणि चित्रपट वर आला. ऑर्सन वेल्स एवढे भाग्यवान नव्हते. त्यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून १९४२ साली कंपनीने चाळीसहून अधिक मिनिटे कापली आणि कापलेली फिल्म नष्ट केली. ती प्रत आता कोणालाही दिसणार नाही. उलट, दिग्दर्शकाची प्रत म्हणजे उत्तमच असेही नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये कोपोला यांनी २००१ साली जवळजवळ पन्नास मिनिटे घातली आणि २०१९ साली त्यांनीच त्यातली बरीचशी पुन्हा काढली. लांबी म्हणजे सत्य नव्हे.

'शोले'च्या बाबतीत मात्र दिग्दर्शकाची प्रत नि:संशय सरस आहे. हात तोडलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. हात नाहीत म्हणून तो पाय वापरणार, याची तयारी चित्रपट करीत आणतो. नोकर रामलाल ठाकूरच्या जोड्यांच्या तळाला खिळे ठोकतो, ते दृश्य आता परत आले आहे. त्या खिळ्यांना पुढे काही काम हवे की नको? १९७५ च्या प्रतीत ऐन क्षणी पोलीस येतात, कायदा ऐकवतात आणि गब्बरला घेऊन जातात. मूळ प्रतीत ठाकूर गब्बरला ठार करतो आणि मग स्वतः कोसळून रडतो. सूड घेऊन हाती काहीच उरत नाही हे त्या रडण्यातून समजते. सेन्सॉरच्या प्रतीत ठाकूर रडायचाच राहिला. निवृत्त का होईना, पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना दाखवायचे नव्हते. म्हणून त्यांनी चित्रपटाचा कणाच काढून घेतला.

मला त्या जुन्या शेवटातली एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. पोलीस वेळेवर येतात! २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत ते आले नाहीत. खर्ड्यात २०१४ साली जातीच्या कारणावरून एका शाळकरी पोराचा खून भरदिवसा झाला आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ज्यांनी असा कायदा पाहिला आहे त्यांच्यापुढे शासनाने 'शोले'च्या शेवटी स्वतःचीच आरती ओवाळून घेतली होती.

पण येथेच थांबून टाळ्या वाजवाव्यात असे मला वाटत नाही. दिग्दर्शकाची प्रत दिग्दर्शकाने जे पाहिले तेवढेच परत देते. रामगढमध्ये ठाकूर आहे, इमाम आहे, टांगेवाली आहे. आपली वस्ती कोठे आहे? वीरू दारू पिऊन ज्या टाकीवर चढतो तिचे पाणी गावात कोणाकोणाला मिळते, हे सेन्सॉरच्या प्रतीत कळत नाही आणि सिप्पींच्या प्रतीतही कळत नाही. जे कॅमेऱ्यापुढे आलेच नाही ते कोणत्या गोदामातून शोधून काढणार? 'शोले'ची मूळ निगेटिव्ह खराब झालेली होती. इंग्लंडमधल्या एका गोदामातील रिळे शोधून, 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन'च्या तज्ज्ञांनी जवळजवळ तीन वर्षे खपून ती प्रत उभी केली. असे भाग्य येण्यासाठी आधी चित्रपट 'शोले'सारखा गाजावा लागतो आणि घराण्याच्या हाती पैसा लागतो.

दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसले की वाटेत जेऊर लागते. नागराज मंजुळे तिथले. त्यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यावरून थेट आपल्या अंगावर येतो. ही दोन दृश्ये कापली असती तर 'फँड्री' एका काळ्या पोराची फसलेली प्रेमकथा म्हणून विकता आली असती. ती शाबूत राहिली. म्हणजे आता आपले जगणे कॅमेऱ्यापुढे आलेले आहे. कात्रीचा प्रश्न आपल्यासाठी खऱ्या अर्थाने सुरू होतो तो येथून.

२०२५ या एकाच वर्षी दोन हिंदी चित्रपटांतून एकच आकडा कापला गेला. पहिला अनंत महादेवन यांचा 'फुले'. तो ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, यायचा होता. झलक पाहूनच काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. मंडळाने सुचवलेल्या बदलांची यादी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. महार आणि मांग हे शब्द काढा. 'पेशवाई' काढा. कमरेला झाडू बांधून चालण्याचा उल्लेख बदला. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, तेथे 'अनेक वर्षे' अशा अर्थाचे शब्द घाला. दुसरा शाजिया इक्बाल यांचा 'धडक २', मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटावरून केलेला; तो १ ऑगस्टला आला. त्यात तीन हजार वर्षांचा अनुशेष सत्तर वर्षांत भरून निघणार नाही असे एक पात्र म्हणते. तेथेही आकडा गेला आणि जुना भेदभाव असे काहीसे गुळमुळीत उरले. जातिवाचक शब्द काही ठिकाणी मुके केले, काही ठिकाणी बदलले. त्याच वर्षाच्या आरंभी 'चल हल्ला बोल' या मराठी चित्रपटातील नामदेव ढसाळांच्या कवितांवर मंडळाने आक्षेप घेतल्याच्या बातम्याही आपण वाचल्या होत्या.

दोन वेगळे दिग्दर्शक, दोन वेगळ्या गोष्टी, आणि कात्री पडते ती त्याच तीन हजारांवर. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आकड्याविषयी वाद होऊ शकतो, हे मी आधीच कबूल करतो. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास मानला आहे. वर्णव्यवस्था त्याहून जुनी. तिचा काळ कोठून धरायचा यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तेव्हा कोणी पुढे येऊन म्हणाले असते, की तीन हजार हा आकडा चुकीचा आहे, सोळाशे म्हणा, तर त्या माणसाशी बोलता आले असते. मंडळाने असा काही दावा केला नाही. आकड्याच्या जागी त्याने दुसरा आकडा ठेवला नाही, 'अनेक' ठेवले. आकडा मोजता येतो, त्यावरून हिशेब मागता येतो. 'अनेक'कडे कोणता हिशेब मागणार? कोणी, कोणावर, किती काळ, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या यादीने पद्धतशीर पुसली आहेत. पेशवाई गेली म्हणजे 'कोणी' गेले. महार-मांग गेले म्हणजे 'कोणावर' गेले. मागे उरते ती एका दयाळू जोडप्याची शाळा. जोतीराव आणि सावित्रीबाई पडद्यावर आहेत, शेण फेकणारेही आहेत, पण शेण का फेकले जाते याचा पत्ता धूसर झालेला आहे. प्रमाणपत्र मात्र 'यू' मिळाले!

आणि झाडूचा उल्लेख तर कोणाच्या कल्पनेतला नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. ते पुस्तक आज दुकानात मिळते, मी ते विद्यार्थ्यांना वाचायला देतो. पुस्तकात जे छापता येते ते पडद्यावर का दाखवता येत नाही? शासनाचे उत्तर जुनेच आहे: पडद्याचा परिणाम जास्त. के. ए. अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच मान्य केले होते. कामाठीपुऱ्यातील काही दृश्यांवरून तो खटला उभा राहिला होता. मला त्याचा अर्थ सरळ दिसतो. पुस्तक वाचणारे थोडे. त्यांचे भय नाही. सिनेमा माझ्या वडिलांसारखी माणसे पाहतात.

'फुले'च्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. दिग्दर्शक महादेवन यांनी माध्यमांना सांगितले की या कात्र्या नाहीत, मंडळाच्या काही सूचना होत्या आणि त्या आम्ही पाळल्या. त्यांची अडचण मला कळते. प्रदर्शनाची तारीख ठरलेली, थिएटरे घेतलेली, पैसा अडकलेला. पूर्वी मंडळाविरुद्ध दाद मागायला अपील न्यायाधिकरण होते. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झाले. आता थेट उच्च न्यायालय. तोपर्यंत निर्माता थांबणार कसा? हे सगळे खरे. पण दिग्दर्शकानेच 'काही कापलेले नाही' असे म्हटल्यावर उद्या त्याची प्रत मागायची कोणाकडे? सिप्पींनी पन्नास वर्षे निदान एवढे तरी सांगत ठेवले होते की हा शेवट माझा नाही.

आपल्याकडे याहून वेगळा वागलेला एक लेखक होऊन गेला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्षपद दिले, भाषणाचा मसुदा पाहिला आणि काही भाग गाळावा असा आग्रह धरला. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. जे भाषण कधी झालेच नाही ते आज आपल्या चळवळीचा पायाभूत ग्रंथ आहे. लेखकाची न कापलेली प्रत म्हणजे काय, हे आपल्याला हॉलिवूडकडून शिकण्याचे कारण नाही.

अर्थात पुस्तक आणि चित्रपट यांत खर्चाचा फरक आहे. १५०० प्रती छापणे आणि पडद्यावरचा चित्रपट उभा करणे एक नव्हे. तरी या बाजूलाही उदाहरणे आहेत. आनंद पटवर्धन यांच्या 'वॉर अँड पीस' (२००२) या माहितीपटात मंडळाने २१ ठिकाणी कात्री मागितली होती. पोखरणचा स्फोट ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाला होता. एका दलित कार्यकर्त्याचे बुद्धासंबंधीचे बोलणे संपूर्ण वगळावे, हीही त्यांतली एक सूचना होती. पटवर्धन न्यायालयात गेले आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट एकाही कात्रीविना मोकळा केला. त्यांच्याच 'जय भीम कॉम्रेड'ला (२०११) १४ वर्षे लागली. रमाबाई नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात १० माणसे मेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, तेथून तो सुरू होतो. तीन तासांहून मोठा आहे. गाणी पुरी आहेत, बायका बोलतात तेव्हा त्यांना मधेच तोडलेले नाही. आमच्या येथे एका विहारात भिंतीवर चादर लावून तो लावला होता. म्हाताऱ्या बाया शेवटपर्यंत बसल्या. लांबीची तक्रार केली ती आम्हा प्राध्यापकांनी.

आता जे लिहितो ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये प्रकाश झा यांचा 'आरक्षण' आला, तेव्हा मी विद्यार्थी होतो. आम्ही दहा-बारा पोरे बंदीचे निवेदन घेऊन तहसील कचेरीवर गेलो. आमच्यातल्या एकानेही तो चित्रपट पाहिलेला नव्हता. उत्तर प्रदेश, पंजाब आणि आंध्र या राज्यांनी त्यावर बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने लवकरच उत्तर प्रदेशातील बंदी उठवली. पुढे मी चित्रपट पाहिला. सामान्य आहे, उत्तरार्धात तर आरक्षणाचा विषयच सोडून तो शिकवण्यांच्या मागे लागतो. त्याला आम्ही घाबरलो होतो! 'फुले'ची झलक पाहून चवताळलेले लोक आणि आम्ही यांच्यात त्या दिवशी काय फरक होता? आमची वेदना खरी होती हे मी सोडत नाही. पण हातात कात्री तीच होती. त्याआधी १९८९ साली 'ओरे ओरु ग्रामत्तिले' हा आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा तमिळ चित्रपट सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला होता. गडबड होईल या भीतीने शासनाने अभिव्यक्तीचा गळा दाबू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल आपल्या विरुद्ध बाजूच्या चित्रपटाला मिळाला म्हणून आपण तो विसरलो. उद्या 'फुले'चा निर्माता न्यायालयात गेला असता तर त्याला याच निकालाचा आधार घ्यावा लागला असता.

मग मंडळाने करायचे काय? याचेही उत्तर महाराष्ट्रात एकदा सापडले आहे. १९८७ साली राज्य शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातल्या 'रिडल्स'मधील राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून गदारोळ झाला, ते वगळावे असा हट्ट झाला. १९८८ च्या आरंभी आपले लोक मुंबईत लाखोंनी रस्त्यावर उतरले. अखेर परिशिष्ट राहिले आणि या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. ती टीप आपल्याला आजही बोचते. परंतु मजकूर शाबूत आहे, वाचकाला दोन्ही दिसतात. चित्रपटालाही हेच लावा. वयाचे प्रमाणपत्र द्या, हवी तर पहिल्या चौकटीत आपली असहमती लिहा. तीन हजाराला हात लावू नका.

वर्गात हे मी मांडले. कुरकुंभ, पाटस, केडगावकडून येणारी मुले. बहुतेकांनी 'धडक २' घरीच मोबाइलवर पाहिलेला. मुका केलेला शब्द कोणता, हे ओठांवरून सगळ्यांना कळले होते. एका मुलाने तो बाकावरून मोठ्याने उच्चारला. मी म्हणालो, बघा, शिवी देणाऱ्याचे तोंड मंडळाने झाकले, ज्याला ती पडली त्याला मात्र सगळे ऐकू आले. आमच्याच वस्तीतली एक मुलगी उभी राहिली. 'सर, तो शब्द आला नाही तेव्हा मला बरं वाटलं. घरात आई होती, शेजारच्या बायका होत्या. तुम्हाला पुरावा पाहिजे असेल. मला तो त्यांच्यासमोर पुन्हा ऐकायचा नव्हता.'

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात शिवी हा गुन्हा आहे, गुन्ह्याचा पुरावा पुसून चालत नाही, असे काही तरी मी बोललो. तिने ऐकून घेतले, पण ती खाली बसली नाही. 'तीन हजारांचं ठीक आहे,' ती म्हणाली, 'ते ठेवायलाच पाहिजेत. या शब्दाचं तुम्ही आधी आम्हाला विचारा.' तास संपल्याची घंटा झाली. पुढच्या आठवड्यात 'फँड्री' लावतो आहोत. त्यातही शिव्या आहेत, आणि आवाज किती ठेवायचा हे मी तिला विचारणार आहे.